कडू जिन्नस

मिदिपागल. तमिळमध्ये कारल्याला पागर्काय म्हणतात, बोलताना त्याचे पावक्काय होते आणि वेलाला नुसते पागल. बँकेने १९८६ साली माझी बदली कुंभकोणमला केली. पहिल्याच आठवड्यात बाजारातल्या एका बाईने माझ्याकडे बघत 'पागल, मिदिपागल' असा पुकारा केला आणि मी मान खाली घालून पुढे निघून गेले. दोन दिवसांनी घरमालकीण मामींनी खुलासा केला. मिदि म्हणजे तुडवणे. मांडवावर न चढता भुईवर पसरणारा, येताजाता पायाखाली येणारा वेल, म्हणून हे तुडवते कारले. फळ अंगठ्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर बारीक टोकदार काटे, आणि कडूपणात वीतभर कारल्याला हार जाणार नाही असे. साल खरवडायची नाही, बिया काढायच्या नाहीत. देठ खुडायचा, पोटाला एक चीर द्यायची आणि चिंचेच्या पाण्यात सोडायचे.

आता बाजारात लांब कारली असतात. केरळ कृषी विद्यापीठाच्या 'प्रिया' आणि 'प्रीती', आणि त्यांच्यामागून आलेली खासगी बियाण्यांची संकरित वाणे. प्रिया हिरवी, प्रीती गोरी. नावे लग्नपत्रिकेत शोभावीत अशी. माझी तक्रार नाही. पीक चांगले येते, कीड कमी लागावी म्हणून लोक कष्ट घेतात. पण लांब कारली क्रेटमध्ये ओळीने निजतात. तुडवत्या कारल्याला क्रेट नाही, त्याला टोपलीच लागते, आणि टोपलीवाली बाई लागते.

अतलक्काय. हे मिदिपागलहून लहान. बोराएवढे, अंगावर काट्यांऐवजी शिरा. विरुदुनगर, तूत्तुकुडीच्या बाजूला काळ्या जमिनीत ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात आपोआप उगवते. कोणी पेरत नाही. जमिनीत कंद असतो, पाऊस पडला की फुटतो. बायका बांधाबांधाने फिरून ओटीत गोळा करतात आणि बाजारात वाटे लावून बसतात. सकाळी तोडलेले फळ संध्याकाळपर्यंत पिवळे पडून उकलते, म्हणून दूर पाठवता येत नाही.

विरुदुनगरला मी तपासणीसाठी गेले होते. दुपारच्या डब्यात एका कारकून बाईंनी ही भाजी आणली होती. पहिल्या घासाला मी चमचा खाली ठेवला. ती आमची कडवंची होती. सोलापूरला पावसाळ्यात आई करायची; तेलावर कुरकुरीत परतून वर दाण्याचे कूट. दोन गावांमध्ये नऊशेहून जास्त किलोमीटर, मध्ये दोन भाषा, आणि डब्यात तेच फळ. कन्नडमध्ये कर्चिकायी, तेलुगूत कासरकाय. त्या बाईंना हे सांगायला मला पुरेसे तमिळ येत नव्हते, म्हणून मी डबा पुसून खाल्ला.

खोल नांगरट आणि तणनाशक, दोन्ही कडवंचीच्या मुळावर आली आहेत, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. सोलापूरच्या बाजारात मागच्या दोन वर्षांत मला ती दिसली नाही.

पिट्लै. तंजावर भागातल्या ब्राह्मणी घरांतला कारल्याचा सर्वांत भारदस्त पदार्थ. भाजी म्हणावी की आमटी, ते मला अजून ठरवता आलेले नाही. काळे हरभरे आदल्या रात्री भिजतात. तूरडाळ वेगळी शिजते. कारल्याच्या फोडी चिंचेच्या कोळात हळद, मीठ आणि गुळाच्या एका खड्याबरोबर शिजतात. आंबटात शिजते म्हणून फोड मोडत नाही, डाळीत घोटली तरी कडा शाबूत राहतात. मग धणे, हरभरा डाळ, सुक्या मिरच्या, चार मिरे, हिंगाचा तुकडा आणि सर्वांत शेवटी ओला नारळ, हे सगळे खोबरेल तेलावर लालसर भाजून वाटायचे. एक उकळी. वरून मोहरी आणि कढीलिंब.

पहिला घास कडू लागत नाही. कडूपणा तिसऱ्या-चौथ्या घासाला येतो, चिंच आणि धणे बोलून झाल्यावर. मामींचे म्हणणे असे की, ज्या पिट्लैत कारले पहिल्यांदा बोलते ती घाईत झालेली असते, आणि ज्यात ते बोलतच नाही ती करणारीने कारल्याचा अपमान केलेला असतो. मीठ चोळून, पिळून, पाणी फेकून देणे त्यांना मान्य नव्हते. आमच्याकडे तसेच करतात, हे मी त्यांना सहा वर्षांत कधी सांगितले नाही.

कुंभकोणमचा हा मुलूख सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांकडे होता. पिट्लै शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी पिठले ऐकले आणि पानात बेसन शोधले. बेसन नव्हते, वाटणात एक मूठ हरभरा डाळ, तेवढेच. मामींच्या मते आम्ही ते चुकीचे शिकलो. माझ्या मते त्यांनी. सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) मुदपाकखान्यातल्या कृती मराठीत लिहून ठेवलेल्या आहेत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने छापल्या आहेत. एवढी शेजारशेजारची स्वयंपाकघरे असल्यावर एखादा शब्द भिंतीवरून पलीकडे पडणारच. पडताना पीठ सांडले असेल.

हिंगाचा खडा. पिट्लैच्या वाटणातला तुकडा म्हणजे खरोखरच तुकडा. डब्यात काळपट, चिकट गोळा असे. मामी तो चुलीजवळ धरून मऊ करत, चिमटीने शेंगदाण्याएवढा तोडत आणि तेलात फुलवत. फुलला की पांढरा होऊन हलका व्हायचा, मग वाटणात. डब्यावर मुंबईचा पत्ता होता, लालजी गोधू यांची पेढी, १८९४ पासूनची. अख्ख्या तमिळनाडूत तिला एलजी म्हणतात. तुमच्या सांबाराचा वास आमच्या मुंबईहून येतो, असे मी म्हटले तेव्हा मामींनी विचारले, "मुंबई म्हणजे माटुंगाच ना?"

आता पूड मिळते. पुडीला भोक पाडून शिंपडतात.

कल्चट्टि. बलपाच्या दगडातून कोरलेले भांडे, सेलमच्या बाजूचे. नवे आणले की थेट चुलीवर ठेवायचे नाही, तडकते. आठवडाभर रोज गरम पेज ओतून ठेवायची, तेल-हळद चोळायची, मग हळूहळू विस्तव दाखवायचा. माणसाळवायचे म्हटले तरी चालेल. एकदा तापले की उतरवल्यावरही पिट्लै पाच मिनिटे आत खदखदत राहते, म्हणून मामी ती थोडी कच्ची असतानाच उतरवत. घड्याळ बघून नव्हे. बुडबुड्याचा आवाज जड झाला की.

ही नाहीशा होत चाललेल्या जिन्नसांच्या या यादीत घालावी की नाही, याचा मी विचार केला, कारण ती परत आली आहे. शहरातल्या दुकानांत आता चकचकीत कल्चट्ट्या मिळतात, पेजेवर आधीच पोसलेल्या. घेणाऱ्यांच्या घरी इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर दगड तापत नाही. मग तिच्यात रोपटे लावतात.

अम्मी. आपला पाटा-वरवंटा. भाजलेले वाटण अम्मीवर रगडले की धणे पिचतात, नारळ तेल सोडतो, डाळीचा मात्र रवा राहतो. मिक्सरमध्ये सगळ्यांचे एकच पीठ होते. कोइमतूरच्या ग्राइंडरने इडलीचा आट्टुक्कल घालवला आणि मिक्सरने अम्मी घालवली. त्या दगडांची वाटण्याची कामे काही वर्षांत संपली, पण दगड जागचे हलले नाहीत. किती घरांच्या परसात अम्मी पाऊस झेलत पडलेली असते.

लग्नात ती लागते अजून. नवरीने अम्मीवर पाय ठेवायचा आणि मग अरुंधतीचा तारा बघायचा. मंगल कार्यालयात त्यासाठी एक छोटी अम्मी कपाटात ठेवलेली असते. तिच्यावर कधी काही वाटलेले नाही.

'अम्मी कोत्तलैयो.' ही आरोळी. अम्मीला टाके घालणारा छिन्नी-हातोडी घेऊन गल्लीतून जायचा. दगड गुळगुळीत झाला की वाटण घसरते, म्हणून वर्षातून एकदा खाचा पाडायच्या. आमच्याकडे जात्याला टाकी लावणारा यायचा तसाच. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत तो शेवटचा कधी आला, ते कोणाला आठवत नाही. अशा गोष्टी शेवटच्या वेळी होतात तेव्हा कोणी लक्ष देत नाही.

एक हजार आठ भाज्या. मामींच्या सासऱ्यांच्या तिथीला मी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली. वसिष्ठांनी विश्वामित्रांना श्राद्धाला बोलावले. विश्वामित्रांनी अट घातली, एक हजार आठ भाज्या वाढायच्या. अरुंधतीने पान मांडले. पानात कारले, पिरंडै, फणस आणि आणखी आठ भाज्या. विश्वामित्र मोजून म्हणाले, बाकीच्या कुठे? अरुंधती म्हणाली, कारले शंभर भाज्यांच्या जागी, पिरंडै तीनशेंच्या, फणस सहाशेंच्या, आणि आठ तुमच्यासमोर आहेतच. श्राद्धाचाच हिशेब आहे हा. विश्वामित्र मुकाट्याने जेवले.

बँकेत काम करणारीला ही गोष्ट आवडणारच. तीन नोटांमध्ये हजाराची भरपाई.

पिरंडै म्हणजे आपली कांडवेल, हाडजोडी. चिरताना हाताला खाज सुटते, म्हणून तळव्यांना तेल लावून चिरायची. कारले त्या दिवशी मिरी-जिऱ्याचे. मिरची चालत नाही, हिंग नाही, तूरडाळ नाही, मूगडाळ चालते. टोमॅटो, कोबी, बटाटा, गाजर यांना 'इंग्लिश काय' म्हणतात, इंग्रजी भाज्या, आणि त्यांना तिथीच्या स्वयंपाकात पाय ठेवता येत नाही. मिळगु म्हणजे मिरी, मिळगाय म्हणजे मिरची. मिरची समुद्रापलीकडून उशिरा आली आणि मिरीचेच नाव लावून घरात राहिली. वर्षभर तिचा कारभार चालतो. तिथीच्या दिवशी तिला बाहेर बसवून थोरलीला बोलावतात. इतिहास शिकवण्याची इतकी सोपी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता तिथीचे जेवण डब्यांतून येते. येते ते नियमाप्रमाणे असते, त्यात खोट नाही. पण कांडवेल चिरणारे तेलकट हात घरातले नसतात आणि अरुंधतीची गोष्ट डब्याबरोबर येत नाही.

कावळ्याची काठी. गच्चीवर वत्तल, म्हणजे वाळवण, राखायला बसलेल्या मुलाच्या हातातली. तमिळनाडूत मे महिन्यात कत्तिरि वेयिल म्हणून तीन-साडेतीन आठवड्यांचे ऊन असते, कात्रीसारखे. ते सुरू व्हायच्या आत गच्च्या भरून जात. कारल्याच्या चकत्या मीठ आणि हळद घालून आंबट ताकात रात्रभर भिजायच्या. सकाळी त्या मामांच्या जुन्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, पसरायच्या, संध्याकाळी ताकात परत, सकाळी पुन्हा उन्हात. तीन-चार दिवस असे. शेवटी ताक सगळे आत जायचे आणि चकत्या खडखडीत व्हायच्या, बांगड्यांसारख्या वाजत. शेजारच्या गच्चीवर सुंडैक्काय, पलीकडच्या गच्चीवर गवारी, मणत्तक्काळी. वेष्टीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा. काळ्या कापडाची एक छत्री कावळ्यांना भिववायला. आणि काठी.

ज्या कावळ्याला मे महिन्यात काठीने हाकलायचे, त्यालाच तिथीला हात जोडून बोलवायचे. तो येऊन कारले आधी खातो की नाही, याकडे मुलांचे लक्ष असे.

वत्तल वर्षभर पुरते. तिळाच्या तेलात टाकले की आधी फुगते, मग गडद होते, आणि गडद होण्यापासून जळण्यापर्यंत जेमतेम एक श्वास असतो. दहीभाताबरोबर दोन चकत्या. पावसाळ्यात, घरात भाजी नसताना, त्याचे कुळंबू, म्हणजे चिंचेची आमटी.

आता गच्चीचे दार बंद असते. किल्ली वॉचमनकडे, टाकी साफ करायला येणाऱ्यांसाठी. माटुंग्याला स्टेशनजवळच्या गल्लीत वत्तल पाकिटात मिळते. मी घेते. मीठ जास्त असते, ताक कमी. त्यातले बरेच उन्हाऐवजी यंत्रात वाळवलेले असावे, कारण सगळ्या चकत्यांचा रंग एकसारखा असतो. मामींच्या वत्तलात कडेच्या चकत्या फिक्या असायच्या, तिथे संध्याकाळी जिन्याची सावली पडायची.

केरळात याला कोंडाट्टम म्हणतात. तिथे जूनच्या पावसाच्या आत उरकावे लागते, म्हणून पालक्काडची घाई वेगळी.

करवंटीचा सापळा. हाही पालक्काडचा. तिथे कारल्याचे मांडव पाहिले. वरून पाने, खालून लटकलेली फळे, आणि फळांच्या मध्येमध्ये दोरीला टांगलेल्या नारळाच्या करवंट्या. मला आधी दिवे वाटले. फळमाशी कारल्याला डंख मारून आत अंडी घालते, तिच्यासाठी हे सापळे. करवंटीत कुस्करलेले पाळयंकोडन केळे किंवा चुरगळलेली तुळस, वर थोडे विष. माशी तुळशीच्या वासाला येते. काही जण प्रत्येक कोवळ्या फळावर कागदाची पिशवी चढवतात, शाळेच्या वह्यांचे कागद. मांडवाखाली उभे राहिले की डोक्यावर गणिते लटकत असतात.

हे मात्र संपलेले नाही. कागदाच्या जागी प्लास्टिक आले आहे. यादीत घेतले ते त्या वह्यांसाठी.

चेरिय उळ्ळि. बोरांएवढे लाल कांदे. तीयल करायचे तर ते मूठभर हवेत आणि अख्खे हवेत. खोबरे अगदी काळपट तपकिरी भाजून वाटायचे, चिंच, कारल्याचे तुकडे आणि हे कांदे. त्यांची साल नखाला चिकटते, डोळे चुरचुरतात, आणि एकट्याने सोलायला घेतले तर संपता संपत नाहीत. म्हणून ओटीवर तिघी-चौघी बसत. कोणाचे लग्न जमते, कोणाचे मोडते, हे सगळे तीयलच्या दिवशी कळे. आता सोललेले कांदे पाकिटात मिळतात, आणि ही सोय फार चांगली आहे. लग्ने जमण्या-मोडण्याच्या बातम्याही आता फोनवरच कळतात.

पावक्का किच्चडी. कारले तळून दह्यात, सोबत नारळ-मोहरीचे वाटण. ओणमच्या पानावर ती असतेच. ती कुठे जात नाही.

कल्मरिगे. म्हैसूरच्या घरातला दगडी वाडगा. हागलकायी गोज्जू त्यात ठेवत. हागलकायी म्हणजे कारले. ज्या अज्जींकडे मी दीड वर्ष राहिले त्या महिन्यातून एकदा गोज्जू करत: तीळ, उडीदडाळ, थोडी मेथी, ब्याडगी मिरची आणि सुके खोबरे भाजून पूड, चिंचेचा दाट कोळ, आणि गूळ इतका की मी पहिल्यांदा बघून थांबले. तेल सुटेपर्यंत आटवायचे. पहिल्या दिवशी गूळ वेगळा लागतो, कारले वेगळे. दुसऱ्या दिवशी ते एकमेकांशी बोलू लागतात. तिसऱ्या दिवशी अज्जी म्हणत, आज जेव. दगडी वाडग्यात, फडके बांधून, शिंक्यावर. चौथा दिवस सहसा उजाडत नसे, कारण वाडगा रिकामा झालेला असे.

घरात फ्रीज आल्यावर गोज्जू शिळा होऊ लागला. म्हणजे पदार्थ तोच, दिवस तेच, पण फ्रीजमध्ये ठेवलेल्या वस्तूला 'कालचे' म्हणायची सवय लागते. सुनेने तिसऱ्या दिवशी तो टाकून दिला तेव्हा अज्जी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "हागलकायीला कडुनिंबाची साक्ष." ही कन्नड म्हण आहे, चोराला चोर साक्षीदार, अशा अर्थाची. यात कारले कोण आणि कडुनिंब कोण, मी विचारले नाही. सुनेची बाजू मी मघाशीच घेतली होती.

किस्मुरी. मंगळूरच्या सारस्वतांकडची. हे लोक शेकडो वर्षांपूर्वी गोव्याहून खाली उतरले आणि कोकणी घेऊन गेले. गोव्यात किस्मूर म्हटले की सुकी सुंगटे. मंगळूरला ब्राह्मणी पानावर सुंगटांच्या जागी कारले बसले: पातळ काप करकरीत तळलेले, ओला नारळ, मिरची, चिंच, वरून चिरलेला कांदा. सगळे वेगवेगळ्या वाट्यांत तयार ठेवायचे आणि पाने मांडून झाली, भात वाढला, सगळे बसले, की मग एकाने हाताने कालवायचे. पाच मिनिटे आधी कालवले तर मऊ पडते. म्हणून किस्मुरी करणारी घरात सर्वांत शेवटी बसते.

सगळे एका वेळी पानावर बसणे, हा त्या कृतीतला मुख्य घटक होता. आता एक सातला जेवतो, एक दहाला.

दोरा. तेलुगू घरांत काकरकाय पोटाला चीर देऊन, ताकात उकडून, आत कांदा-मिरचीचे कारम भरून, वरून शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने बांधून परततात. आपल्याही भरल्या कारल्याला दोरा असतो. विजयवाड्याच्या माझ्या सहकारी बाईंच्या घरी मुले दोरा न तोडता सोडवण्याची पैज लावत. सोडवलेले दोरे पानाच्या कडेला वेटोळे करून ठेवत आणि ज्याचा सर्वांत लांब तो जिंकला. थोरला मुलगा इंजिनिअरिंग शिकून आला आणि काट्या-चमच्याने खाऊ लागला तेव्हा त्याची आजी म्हणाली, शिकायला जायच्या आधी काकरकाय म्हणत होता, शिकून आल्यावर कीकरकाय म्हणतो. ही तिकडची जुनी म्हण आहे, पण ती खरोखर कारले समोर असताना वापरलेली मी त्या एकाच वेळी ऐकली.

धुवण. चेट्टिनाडमध्ये तांदूळ धुतलेल्या दुसऱ्या पाण्यात चिंच कोळून मंडि करतात. भेंडीची पहिली, पण कारलेही चालते; धुवणाचा दाटपणा कडूला गुंडाळून घेतो. आता तांदूळ पिशवीतून येतो, इतका घासलेला की दुसरे पाणीही नितळच निघते.

पिकलेले कारले. बाजारात पिवळी पडलेली फळे भाजीवाले फेकून देतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. पण परसातल्या वेलावर एखादे फळ पानाआड राहून जायचे. मग ते केशरी होते, टोकाकडून तीन पाकळ्यांनी उकलते आणि आत रक्तासारख्या लाल गरात बिया. तो गर गोड असतो. कुंभकोणमच्या घरची नात मला हात धरून न्यायची, बोटाने एक बी उचलून तोंडात घालायची, चोखून बी बाहेर टाकायची आणि म्हणायची, "आंटी, हे कारले मोठे झाल्यावर चांगले वागते." बी जिथे पडली तिथे पुढच्या वर्षी वेल आला. भोंडल्यातल्या सासूला एवढे माहीत असते तर सुनेला माहेरी जायला इतके थांबावे लागले नसते.

ते परस आता दोन दुचाकी ठेवायची फरशी झाले आहे.

रस. हा नाहीसा होणारा जिन्नस नाही, वाढणारा आहे. सकाळी बागेच्या फाटकाशी पेल्यातून मिळतो, मधुमेहाच्या लोकांसाठी. नाक दाबून पितात. त्याचा गुण असेल तर असो. माझी हरकत वेगळी आहे: जे पितात त्यांच्या घरी कारल्याची भाजी होत नाही. औषध आणि भाजी दोन्ही एका पेल्यात उरकतात.

लिंबाएवढी चिंच. मामींच्या हाताचे माप असे: पिट्लैला लिंबाएवढी, रसमला आवळ्याएवढी, जास्त माणसे असतील तर दोन लिंबे. चिंच जुनी हवी, काळी पडलेली; नवी आंबट असते पण तिला खोली नसते. त्यांच्याकडे एस. मीनाक्षी अम्माळ यांचे 'समैत्तुप् पार' होते, करून पाहा, १९५१ साली निघालेले. त्यांच्या लग्नात कोणी दिले होते. त्यात मापे आळाक्कु आणि पलममध्ये होती. मामींनी ते पुस्तक उघडलेले मी एकदाच पाहिले, आतले जुने टपाल शोधताना.

मामी जाऊन सात वर्षे झाली. मागच्या महिन्यात त्यांच्या लेकीचा अमेरिकेतून फोन आला. तिने आईकडे कधी विचारले नव्हते, आता पिट्लै करायची होती, आणि आईच्या हाताखाली ती शिकलेली माणसे मोजली तर मीच उरले होते, मराठी बाई. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. हरभरे आदल्या रात्री. मीठ लावून पिळायचे नाही. धणे आधी, नारळ शेवटी. चिंच लिंबाएवढी.

"आक्का, ग्रॅममध्ये सांगा ना. इथली लिंबे फार मोठी असतात."

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. टोपलीत तीन लिंबे होती. काट्यावर तिन्ही ठेवली, एकेक करून. तिन्हींची वजने वेगळी. मी तिला मधले कळवले.